वृद्धांनी अंथरूण धरू नये म्हणून

(जिल्ह्यातील अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या एकत्रित सभेत एका निवृत्त वैद्यकीय अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वृद्धांच्या आरोग्याविषयी मी काही सांगावे असे मला कळविण्यात आले, तेव्हा मी रक्तदाब, मधुमेह, मोतीबिंदू अशा विषयांवर बोलेन, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. ते विषय महत्त्वाचे आहेतच. परंतु आज मी आपले लक्ष एका निराळ्या प्रश्नाकडे वेधू इच्छितो. वृद्ध माणूस रुग्णालयात दाखल होतो, त्याचा आजार बरा होतो, आणि तरीही घरी परतताना तो पूर्वीचा राहिलेला नसतो. चालत आलेल्या माणसाला उचलून न्यावे लागते. असे का घडते, यावर गेल्या काही दशकांत जगभर पुष्कळ संशोधन झाले आहे. त्यातून निघालेला निष्कर्ष असा, की या हानीचा बराच भाग टाळता येण्यासारखा आहे. आणि तो टाळण्यासाठी लागणारी साधने महागडी नाहीत.

प्रारंभी माझ्या स्वतःच्या नोकरीतील एक प्रसंग सांगतो. एका तालुक्याच्या गावी मी रुग्णालयात होतो, तेव्हाची ही गोष्ट. शहात्तर वर्षांचे एक निवृत्त प्राथमिक शिक्षक न्यूमोनियाने आजारी होऊन आमच्याकडे आले. रोज पहाटे मारुतीच्या देवळापर्यंत चालत जाण्याचा त्यांचा परिपाठ होता. ताप मोठा होता, म्हणून मी केसपेपरवर 'संपूर्ण विश्रांती' असे लिहिले. इंजेक्शने चालू झाली. चौथ्या दिवशी ताप उतरला, नवव्या दिवशी छाती स्वच्छ झाली, आणि मी समाधानाने घरी पाठविण्याच्या कागदावर सही केली. दोन्ही मुलांनी गुरुजींना उचलून जीपमध्ये ठेवले. त्यांच्या पत्नी मागे थांबल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, येताना हे आपल्या पायांनी आले होते." मी त्यांना सांगितले, की अशक्तपणा आहे, हळूहळू भरून येईल. तो भरून आला नाही. गुरुजी पुन्हा उभे राहिले नाहीत. सात महिन्यांनी, पाठीला जखमा होऊन, ते गेले. त्यांच्या केसपेपरवरील 'संपूर्ण विश्रांती' हे माझे शब्द ताप उतरल्यावर मी खोडले नव्हते, एवढी एक गोष्ट तेव्हापासून माझ्या मनातून गेलेली नाही.

आपल्या भाषेत आपण म्हणतो, 'म्हाताऱ्याने अंथरूण धरले.' जणू काही त्याने आपण होऊन ते धरले! गुरुजींनी ते धरले नव्हते. आम्ही ते त्यांना धरविले होते.

विश्रांतीचे दुष्परिणाम

ही जाणीव वैद्यकशास्त्राला अगदी नवी आहे, असे मात्र नाही. इंग्लंडमधील डॉ. मार्जरी वॉरेन यांचे कार्य या क्षेत्रात आद्य मानले जाते. 1935 साली लंडनजवळील वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात त्या काम करीत असताना, शेजारच्या अनाथ-दरिद्री लोकांच्या जुन्या आरोग्यगृहातील सुमारे सातशे रुग्णांची जबाबदारी त्यांच्या रुग्णालयावर आली. त्यांपैकी बहुसंख्य वृद्ध होते आणि 'असाध्य' असा शिक्का बसून ते वर्षानुवर्षे खाटेवर पडून होते. डॉ. वॉरेन यांनी प्रत्येकाची स्वतंत्र तपासणी केली, निदान निश्चित केले, ज्यांना उठविता येईल त्यांना उठविले, वॉर्डांत उजेड आणला, खुर्च्या व आधाराची साधने आणली. परिणामी, कायमचे अंथरुणाला खिळलेले समजले जाणारे अनेक जण चालू लागले आणि काही घरीही गेले. 1943 व 1946 साली त्यांनी हे अनुभव प्रसिद्ध केले आणि वृद्धवैद्यक ही स्वतंत्र शाखा आकारास येऊ लागली.

त्याच सुमारास, 1947 साली, लंडनमधील डॉ. रिचर्ड ॲशर यांनी अंथरुणात पडून राहण्याच्या धोक्यांवर एक लेख लिहिला. विश्रांती हे निरुपद्रवी औषध आहे, या समजुतीवरच त्यांनी बोट ठेवले. पडून राहिल्याने शरीरातील कोणकोणत्या इंद्रियांची काय हानी होते, याची त्यांनी क्रमवार मांडणी केली : फुफ्फुसात कफ साचतो, पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात, कातडीला जखमा होतात, हाडांतील चुना कमी होतो, लघवी तुंबते, मलावरोध होतो आणि मनाची उमेद खचते. आज पाऊणशे वर्षांनंतरही या यादीतील एकही नाव कमी करता येत नाही.

पुढील संशोधनाने या हानीचे मोजमाप केले. 2007 साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सरासरी सदुसष्ट वर्षे वयाच्या दहा-बारा निरोगी स्त्रीपुरुषांना दहा दिवस अंथरुणात ठेवण्यात आले. त्यांना कोणताही आजार नव्हता आणि अन्नही नियमित मिळत होते. तरीही त्या दहा दिवसांत त्यांच्या पायांतील मांसाचे वजन सरासरी सुमारे एक किलोने घटले आणि पायांतील जोर कमी झाला. निरोगी माणसाची ही स्थिती; मग ताप, उपास आणि रात्रीचे जागरण यांनी आधीच खचलेल्या रुग्णाचे काय होत असेल, याची कल्पना करता येईल.

रुग्णालयातील वृद्ध किती वेळ पडून असतात, हेही मोजण्यात आले आहे. 2009 साली अमेरिकेतील बर्मिंगहॅम शहरातील माजी सैनिकांच्या रुग्णालयात पासष्ट वर्षांवरील पंचेचाळीस रुग्णांच्या अंगावर हालचाल नोंदविणारे छोटे यंत्र लावले. हे सर्व रुग्ण दाखल होण्याच्या पंधरवड्यापूर्वी आपल्या पायांनी चालणारे होते. रुग्णालयातील त्यांच्या वेळेपैकी सरासरी 83 टक्के वेळ ते खाटेवर पडून होते. उभे राहण्यात वा चालण्यात जाणारा वेळ त्यांच्यातील मध्यम रुग्णाच्या बाबतीत दिवसाकाठी अवघा 43 मिनिटे होता. चालू शकणारी माणसे चालत नव्हती. कारण त्यांना 'उठा' असे कोणी म्हणत नव्हते.

'थकणे' म्हणजे काय?

येथे कोणी असा प्रश्न विचारील, की सर्वच वृद्धांची अशी स्थिती होते काय? नाही. एकाच वयाचे, एकाच आजाराचे दोन रुग्ण शेजारशेजारच्या खाटांवर असतात. एक आठव्या दिवशी काठी टेकीत घरी जातो, दुसरा जात नाही. या फरकाचा उलगडा करताना शास्त्रज्ञ ज्या कल्पनेपाशी येऊन पोहोचले, तिला इंग्रजीत 'फ्रेल्टी' म्हणतात. मराठीत तिला 'क्षीणता' म्हणता येईल. पण आपल्या घराघरांत तिच्यासाठी आधीपासूनच एक शब्द आहे. 'आजोबा अलीकडे फार थकले हो,' असे आपण म्हणतो. वयाने मोठे झाले असे नव्हे, आजारी आहेत असेही नव्हे, थकले. शरीराच्या कोठारातील शिल्लक कमी झाली आहे, आणि आता एखादा लहानसा धक्काही सोसवणार नाही, असा त्याचा आशय असतो.

या 'थकण्या'ची शास्त्रीय व्याख्या अमेरिकेतील डॉ. लिंडा फ्राइड व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 साली केली. पासष्ट वर्षांवरील पाच हजारांहून अधिक व्यक्तींच्या पाहणीवरून त्यांनी पाच लक्षणे निश्चित केली : प्रयत्न न करता वर्षभरात साडेचार किलोच्या आसपास वा त्याहून अधिक वजन घटणे, सतत थकवा वाटणे, हाताची पकड दुबळी होणे, चालण्याचा वेग मंदावणे आणि एकंदर हालचाल कमी होणे. यांपैकी तीन वा अधिक लक्षणे असतील तर ती व्यक्ती क्षीण समजावी. एक वा दोन असतील तर ती त्या वाटेवर आहे असे समजावे. त्या पाहणीत सुमारे 7 टक्के लोक क्षीण आढळले. आणि पुढील काळात पडणे, परावलंबी होणे, रुग्णालयात दाखल होणे व मृत्यू येणे यांचे प्रमाण त्यांच्यात इतरांपेक्षा अधिक राहिले. कॅनडातील डॉ. केनेथ रॉकवुड यांनी निराळ्या मार्गाने, शरीरात साचत गेलेल्या उणिवांची बेरीज करून, हीच गोष्ट मोजली. रुग्ण चालतो कसा, आपली कामे करतो कशी, यावरून क्षीणतेची श्रेणी ठरविण्याची त्यांची पद्धत आज अनेक देशांतील रुग्णालयांत वापरली जाते.

या संशोधनातील एक भाग विशेष आशादायक आहे. क्षीणता ही एकाच दिशेने जाणारी उतरण नाही. न्यू हेवन येथे सत्तर वर्षांवरील 754 व्यक्तींचा अनेक वर्षे मागोवा घेण्यात आला. त्यात काही जण क्षीण अवस्थेतून पुन्हा वर आल्याचेही दिसून आले. बोस्टनमधील डॉ. मारिया फियाटारोन यांनी 1990 साली वृद्धाश्रमातील नव्वदीच्या घरातील दहा जणांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करवून घेतला, तेव्हा त्यांच्या पायांतील शक्ती दुपटीहून अधिक झाली. नव्वदाव्या वर्षीही स्नायू शिकविल्यास शिकतो, असा त्याचा अर्थ आहे.

आकडे काय सांगतात?

आता रुग्णालयाच्या प्रश्नाकडे पुन्हा वळू. आंघोळ करणे, कपडे घालणे, शौचास जाणे, खाटेवरून उठून खुर्चीत बसणे आणि आपल्या हाताने जेवणे, ही स्वावलंबनाची पाच साधी कामे. अमेरिकेतील ओहायो राज्यातील दोन रुग्णालयांत सत्तर वर्षांवरील 2,293 रुग्णांची या पाच कामांच्या दृष्टीने पाहणी करण्यात आली आणि डॉ. केनेथ कोविन्स्की यांनी 2003 साली ती प्रसिद्ध केली. आजारापूर्वी जी कामे रुग्णाला करता येत होती, त्यांपैकी किमान एक काम घरी जाताना करता येईनासे झाले, असे 35 टक्के रुग्ण आढळले. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयोगटात हे प्रमाण 23 टक्के होते. नव्वदीपुढे ते 63 टक्क्यांवर गेले. यांपैकी काहींची शक्ती आजाराने, दाखल होण्यापूर्वीच गेली होती आणि ती रुग्णालयात परत मिळाली नाही. परंतु काही रुग्ण असेही होते, की जे दाखल होताना पूर्वीसारखेच स्वावलंबी होते आणि रुग्णालयात असताना परावलंबी झाले. एकूण रुग्णांच्या ते 12 टक्के होते.

'पुढे भरून येईल,' असे मी गुरुजींच्या पत्नींना सांगितले होते. त्या आश्वासनाचेही उत्तर या संशोधनात आहे. याच रुग्णसमूहाचा वर्षभर पाठपुरावा करण्यात आला आणि 2008 साली त्याचे निष्कर्ष आले. नवे परावलंबन घेऊन घरी गेलेल्यांपैकी वर्षअखेरीस 41 टक्के मरण पावले होते, 29 टक्के हयात होते पण पूर्वस्थितीला आले नव्हते, आणि केवळ 30 टक्के पूर्वीसारखे झाले होते. म्हणजे दहांपैकी तिघेच. हे आकडे ज्याने वाचले आहेत, त्या डॉक्टरला 'हळूहळू भरून येईल' असे सहजपणे म्हणता येणार नाही.

उपाय सापडले आहेत

केवळ हानीची मोजदाद करून संशोधक थांबले असते, तर आज मी येथे उभा राहिलो नसतो. उपायांचीही रीतसर परीक्षा झाली आहे. त्यांतील तीन प्रयोग सांगतो.

पहिला प्रयोग क्लीव्हलँड येथील. 1995 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सत्तर वर्षांवरील 651 रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या वॉर्डात व निम्म्यांना वृद्धांसाठी खास योजलेल्या वॉर्डात ठेवण्यात आले. त्या वॉर्डात चालण्यास मोकळी जागा, भिंतीला धरावयास दांडे आणि मोठ्या आकड्यांचे घड्याळ व दिनदर्शिका होती. डॉक्टर, परिचारिका व समाजसेवक रोज एकत्र बसून प्रत्येक रुग्ण घरी कसा जाईल याचा पहिल्या दिवसापासून विचार करीत. नेहमीच्या वॉर्डातील 22 टक्के रुग्णांना घरी न जाता दीर्घकालीन शुश्रूषागृहात जावे लागले. खास वॉर्डात हे प्रमाण 14 टक्के राहिले. विशेष म्हणजे, रुग्णालयाचा खर्च वाढला नाही.

दुसरा प्रयोग न्यू हेवन येथील डॉ. शॅरन इनोये यांचा, 1999 सालचा. रुग्णालयात वृद्धांना अनेकदा एकाएकी भ्रम होतो. माणसे ओळखू येत नाहीत, रात्रभर बरळणे चालते. आपल्याकडे याला 'वात झाला' म्हणतात. 852 रुग्णांच्या या अभ्यासात अर्ध्या रुग्णांसाठी प्रशिक्षित स्वयंसेवक नेमले. त्यांची कामे ऐकाल तर आश्चर्य वाटेल : रुग्णाशी बोलणे, आज वार कोणता ते सांगणे, दिवसातून तीन वेळा त्याला चालविणे, चष्मा व कानाचे यंत्र हाताशी ठेवणे, वेळोवेळी पाणी पाजणे, आणि रात्री झोपेच्या गोळीऐवजी कोमट दूध देऊन पाठ चोळणे. नेहमीच्या व्यवस्थेत 15 टक्के रुग्णांना भ्रम झाला. येथे सुमारे 10 टक्क्यांना. मात्र एकदा भ्रम झाल्यावर त्याची तीव्रता या उपायांनी कमी झाली नाही. प्रतिबंध हाच खरा उपाय, हे यावरून लक्षात यावे.

तिसरा प्रयोग स्पेनमधील पॅम्प्लोना शहरातील, 2019 सालचा. 370 रुग्ण, सरासरी वय सत्त्याऐंशी. त्यांतील निम्म्यांकडून, तीव्र आजार चालू असतानाच, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली दिवसातून दोन वेळा सुमारे वीस-वीस मिनिटे, पाच ते सात दिवस, झेपेल असा व्यायाम करवून घेतला. स्वावलंबन मोजण्याच्या शंभर गुणांच्या मापावर नेहमीच्या उपचारातील रुग्ण सरासरी पाच गुणांनी खाली आले; व्यायाम केलेले रुग्ण जवळजवळ दोन गुणांनी वर गेले. सत्त्याऐंशी वर्षांचा आजारी माणूस रुग्णालयातून अधिक सक्षम होऊन बाहेर पडू शकतो, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

आपल्या राज्याच्या संदर्भात

हे सारे परदेशातील झाले. आपल्याकडे त्याचे काय, असे कोणी म्हणेल. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राच्या लोकसंख्येत साठ वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण 9.9 टक्के होते. म्हणजे एक कोटीहून अधिक माणसे. मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने 2017-18 साली पंचेचाळीस वर्षांवरील सुमारे 72 हजार भारतीयांची दीर्घकालीन पाहणी सुरू केली. तीत लोकांच्या घरी जाऊन हाताची पकड आणि चालण्याचा वेगही मोजण्यात आला. 2010-11 पासून राष्ट्रीय वयोवृद्ध आरोग्य कार्यक्रम चालू आहे. त्यात जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी दहा खाटांचा कक्ष व भौतिकोपचाराची सोय यांची तरतूद असून, मुंबईचे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय व सर ज. जी. रुग्णालय हे त्याच्या प्रादेशिक केंद्रांपैकी एक आहे. आणि 2024 च्या ऑक्टोबरपासून सत्तर वर्षांवरील सर्व नागरिकांना, त्यांचे उत्पन्न काहीही असो, आयुष्मान भारत योजनेखाली रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण देण्यात आले आहे.

या शेवटच्या निर्णयाचे स्वागत करीत असतानाच त्यातून निर्माण होणारी जबाबदारी ओळखली पाहिजे. यापुढे पैशाअभावी घरी राहणारे अनेक वृद्ध रुग्णालयाची पायरी चढतील. ते चढावेत, हीच इच्छा आहे. परंतु जी पायरी ते चढून गेले, ती त्यांना उतरूनही येता आली पाहिजे.

आपल्याकडे एक अनुकूलता आहे, जी अमेरिकेला स्वयंसेवक नेमून निर्माण करावी लागली. आपल्या रुग्णाजवळ नातेवाईक बसलेला असतो. मुलगा, सून, नात, नाहीतर शेजारी. खाट एकटी नसते. पण तो नातेवाईक काय करतो? सासूबाईंना उठू देत नाही, घास भरवितो, पाणी तोंडाशी धरतो, शौचाचे भांडे खाटेवरच देतो. हे सारे प्रेमाने व कर्तव्यबुद्धीने होते, म्हणूनच ते बदलणे कठीण आहे. वडीलधाऱ्यांची सेवा म्हणजे त्यांना हलू न देणे, अशी आपली कल्पना झाली आहे. ती कल्पना आपण बदलली पाहिजे. सासूबाईंच्या हाताला धरून त्यांना न्हाणीघरापर्यंत नेणे, ही पाय चेपण्याइतकीच, किंबहुना त्याहून मोठी सेवा आहे.

अर्थात, याला अपवाद आहेत. मांडीचे हाड मोडलेला रुग्ण शस्त्रक्रियेपूर्वी, हृदयविकाराच्या झटक्याचे पहिले तास, रक्तदाब अतिशय कमी झालेला रुग्ण, अशा प्रसंगी पडून राहणे आवश्यकच असते आणि त्याचा निर्णय डॉक्टरांनीच घ्यावयाचा असतो. माझे म्हणणे एवढेच, की पडून राहण्याची आज्ञा ही औषधाच्या आज्ञेसारखी असावी. तिला कारण असावे, मात्रा असावी आणि ती संपण्याची तारीख असावी.

कोणी काय करावे?

प्रशासनातील मित्रांना माझी पहिली विनंती एका ओळीची आहे. साठ वर्षांवरील प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर दोन प्रश्नांची उत्तरे लिहिली जावीत : आजारापूर्वी रुग्ण चालत होता काय, आणि घरी जाताना चालतो काय? तापाचा आलेख आपण दिवसातून चार वेळा लिहितो. चालण्याची नोंद मात्र कोठेच नसते. जे लिहिले जात नाही, त्याची चौकशी होत नाही. आणि ज्याची चौकशी होत नाही, ते सुधारत नाही, हे आपणांस मी सांगावयास नको. दुसरी विनंती साधनांविषयी. प्रत्येक खाटेजवळ हाताची एक भक्कम खुर्ची, शौचालयाच्या भिंतीला दांडा, उंच बैठकीचे शौचपात्र, रात्री वाटेवर एक दिवा आणि वॉर्डात सहज दिसेल असे घड्याळ. लघवीची नळी व सलाईनची नळी गरज संपताच काढली गेली, तर रुग्णाचा खाटेशी बांधलेला दोर आपोआप सुटतो.

पंचायत सदस्यांनी असे पाहावे, की गावातील वृद्ध रुग्णालयातून परतला म्हणजे पहिल्याच आठवड्यात आशा सेविका अथवा आरोग्य सेवक त्याच्या घरी जाईल. औषधे घेतो काय, एवढेच विचारून त्यांनी परतू नये. तो उठतो काय, अंगणापर्यंत जातो काय, दोन्ही वेळा पोटभर जेवतो काय, हेही विचारावे. वरणभात, दूध, अंडे, भिजविलेली कडधान्ये, जे घरात परवडते ते त्याच्या ताटात पडते काय, हे पाहावे. 'म्हातारपणी हलके खावे' या समजुतीपायी अनेक वृद्धांचे स्नायू उपाशी राहतात. देवळापर्यंतच्या वाटेवर दर शेपन्नास पावलांवर एखादा दगडी ओटा बांधण्यास फार निधी लागत नाही; पण तो ओटा असल्याच्या भरवशावर थकलेला माणूस घराबाहेर पडतो.

शिक्षक बंधुभगिनींना काय सांगावे? ज्या घरात आजी-आजोबा आहेत, त्या घरातील मूल आपल्या वर्गात बसते. रोज संध्याकाळी आजोबांना खुर्चीवरून हातांचा आधार न घेता पाच वेळा उठावयास लावणे आणि मग त्यांचा हात धरून कोपऱ्यापर्यंत चालणे, एवढा गृहपाठ मुलांना दिला तरी पुरे. अमेरिकेत सत्तर ते एकोणनव्वद वर्षे वयाच्या 1,635 जणांवर झालेल्या आणि 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नियमित चालणे व व्यायाम यांमुळे चालण्याची शक्ती गमावणाऱ्यांचे प्रमाण साडेपस्तीस टक्क्यांवरून तीस टक्क्यांवर आले. फरक लहान दिसतो. पण ज्यांच्या वाट्याला तो येतो त्यांच्यासाठी तो स्वतःच्या पायांनी न्हाणीघरात जाण्याचा फरक आहे. शिवाय आजारापूर्वी पायांत जी शक्ती साठविली जाते, तीच रुग्णालयातील दहा दिवसांत खर्चावयास मिळते.

मित्रहो, गुरुजी गेल्यानंतर काही वर्षांनी मी आमच्या वॉर्डात एक साधी प्रथा सुरू केली. सकाळच्या फेरीत खाटेपाशी जाण्यापूर्वी मी परिचारिकेला विचारीत असे, "आज कोण कोण उठून बसले?" पहिले काही दिवस उत्तर मिळत नसे. पुढे ते मिळू लागले. कारण प्रश्न येणार हे ठाऊक झाले होते. मग रुग्णच माझी वाट पाहत खुर्चीत बसू लागले. एकदा एक आजीबाई मला म्हणाल्या, "बाळा, तू येणार म्हणून मी केव्हाची बसले आहे." औषधांच्या यादीत या प्रश्नाला स्थान नाही, आणि त्याला काही खर्चही आला नाही. हा प्रश्न मी गुरुजींच्या बाबतीत विचारला असता, तर ते कदाचित आपल्या पायांनी जीपमध्ये चढले असते. आपल्या जिल्ह्यातील प्रत्येक रुग्णालयात आणि प्रत्येक घरात हा प्रश्न रोज सकाळी विचारला जावा, अशी माझी प्रार्थना आहे.